कालव्याची किफायत टेलला मोजा

रब्बीचं आवर्तन सुटलं की ठरलेली बातमी येते. धरणात पाणी आहे, कालवा वाहतो आहे, पण शेवटच्या, म्हणजे टेलच्या गावांत पाणी पोचलेलं नाही. मग निवेदनं, मोर्चे, रास्ता रोको. दोष कधी हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या ऊसवाल्यांवर जातो, कधी कालव्यात टाकलेल्या मोटारींवर, कधी पाटकऱ्यावर. या तिन्ही तक्रारींत तथ्य असतं. पाटबंधारे खात्यात आधी कालव्यांच्या बांधकामावर आणि नंतर सिंचन व्यवस्थापनावर नोकरी करून मी निवृत्त झालो. मला चौथं कारण मांडायचं आहे, कारण त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. ते कारण कालव्याच्या काटछेदात आहे. बांधताना कमीत कमी खर्च येईल असा आकार आपण निवडतो आणि त्यालाच किफायतशीर म्हणतो. पंचवीस-तीस वर्षं वापरून, गाळ-गवत सोसून तो आकार शेवटच्या शेतकऱ्याला किती पाणी देईल, हा हिशेब कागदावर येतच नाही.

काटछेद म्हणजे कालवा आडवा कापला तर दिसणारा आकार. तळाची रुंदी, पाण्याची खोली, दोन्ही बाजूंचा उतार आणि पाण्याच्या वर राखलेला मोकळा काठ. या आकारात किती पाणी मावून पुढे जाईल हे काढायला जगभर सर्रास एक सूत्र वापरतात. आयर्लंडचे अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी ते १८८९ साली मांडलं. त्याचा मथितार्थ साधा आहे. कालव्याला लांबीचा उतार जास्त तर वेग जास्त. पाण्याला घासणारा पृष्ठभाग खरखरीत तर वेग कमी. आणि तेवढंच पाणी जितक्या कमी भिंतीला चिकटून वाहील तितकं ते जोरात जाईल. या शेवटच्या मुद्द्यावरून पुस्तकातला 'सर्वोत्तम काटछेद' निघतो: क्षेत्रफळ तेवढंच, पण ओली होणारी भिंत सर्वांत कमी. अर्धवर्तुळ त्यात पहिलं. अर्धवर्तुळ खोदता येत नाही, म्हणून त्याच्या जवळचा समलंब आकार, म्हणजे षटकोनाचा अर्धा भाग.

अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे गणित सोडवलेलं असतं आणि ते गणित सुंदरच आहे. पण त्या अर्ध्या षटकोनाच्या बाजू ६० अंशात उभ्या असतात. आपली काळी माती त्या उताराला एक पावसाळाही टिकत नाही. म्हणून बाजू दीडास एक अशा धरतात, म्हणजे एक मीटर उंचीला दीड मीटर आडवं. त्या उताराला पुस्तक सांगतं की तळाची रुंदी पाण्याच्या खोलीच्या साधारण सहा दशांश ठेवा.

इथे थोडं गणित द्यायलाच हवं, कारण सगळा वाद त्यातच आहे. काँक्रीटचं अस्तर असलेली एक शाखा घ्या. लांबीचा उतार ४००० मीटरला १ मीटर. खरखरीतपणाचा गुणांक ०.०१८, म्हणजे नवं, नीट केलेलं काम. पुस्तकी सर्वोत्तम आकाराने दीड मीटर खोली ठेवली तर तळ येतो ९१ सेंटिमीटर आणि विसर्ग सेकंदाला सुमारे ३.४ घनमीटर, म्हणजे १२० क्युसेकच्या आसपास. आता तेवढाच विसर्ग ठेवून तळ २ मीटरचा करा. खोली १.२४ मीटरवर येते. तळाची रुंदी दुपटीहून अधिक झाली. खर्च किती वाढला? पाण्याखालचं क्षेत्रफळ जेमतेम एक टक्का वाढलं, अस्तर लागणारी ओली भिंत अडीच टक्क्यांच्या आत.

त्या एक-दोन टक्क्यांत काय मिळतं ते पाहा. ९१ सेंटिमीटरच्या तळात गाळ काढायला यंत्र उतरवता येत नाही. माणसं उतरवायची तर दोन्ही बाजूंच्या उतारांत अडकून फावडं चालवायचं. दोन मीटरच्या तळात छोटं यंत्र फिरतं. शिवाय शेताला पाणी मिळायला कालव्यातली पाण्याची पातळी ठरलेली असते, ती खाली घेता येत नाही. म्हणजे खोली वाढली की तळच खाली जातो. आपल्या दख्खनच्या पठारावर त्या जादा २६ सेंटिमीटरमध्ये मुरूम संपून कठीण खडक लागण्याची शक्यता मोठी असते. खडकाच्या खोदाईचा दर आणि मातीच्या खोदाईचा दर ज्याने दरसूचीत पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको.

मोठे कालवे बांधणाऱ्यांना हे पुरतं माहीत आहे. नर्मदेचा मुख्य कालवा सुरुवातीला सेकंदाला सुमारे ११३३ घनमीटर, म्हणजे ४०,००० क्युसेक पाण्यासाठी बांधला आहे. त्याचा तळ ७३ मीटर रुंद, पाण्याची खोली ७.६ मीटर, बाजू दोनास एक. पुस्तकी किफायत धरली असती तर त्या बाजूउताराला तळ खोलीच्या निम्म्याहूनही कमी आला असता आणि तेवढ्याच क्षेत्रफळासाठी कालवा १६ मीटरहून खोल खणावा लागला असता. तसा कालवा कुणी खणत नाही. मग शे-दीडशे क्युसेकच्या शाखांना आणि वितरिकांनाच पुस्तकी आकाराचा आग्रह का? माझं उत्तर असं आहे की तिथे संकल्पन करणारा तरुण अभियंता एकटा असतो, त्याला तक्ता भरायचा असतो, आणि अंदाजपत्रकाची रक्कम एक टक्क्याने कमी दिसली तर वरच्या टेबलावर प्रश्न कमी येतात.

खरं नुकसान मात्र आकारापेक्षाही त्या ०.०१८ मध्ये आहे. हा आकडा पहिल्या दिवसाचा आहे. अस्तराचे स्लॅब हलले, सांध्यांतून गवत आलं, तळाला गाळ आणि त्यात पाणकणीस उभं राहिलं की तोच गुणांक ०.०३० वर जातो. मॅनिंगच्या सूत्रात हा आकडा सरळ भागाकारात असतो. म्हणजे पाण्याची पातळी तीच ठेवली तर १२० क्युसेकच्या कालव्यातून ७२ क्युसेकच जातं. चाळीस टक्के पाणी नुसत्या खरखरीतपणाने गेलं. गाळाने अडवलेली जागा अजून मोजलेलीच नाही. आणि तरीही कुणी ठरवलं की १२० च सोडायचं, तर वरच्या दोन मीटर तळाच्या उदाहरणात पाणी ३५ सेंटिमीटर वर चढतं. एवढ्या विसर्गाच्या अस्तरित कालव्याला ६० सेंटिमीटरचा मोकळा काठ ठेवतात. त्यातला निम्म्याहून जास्त तिथेच संपतो. भरावातल्या कालव्याला हे झेपत नाही. खेकड्याचं एखादं बीळ त्या उंचीवर असलं तर रात्रीत काठ फुटतो.

मराठवाड्यातल्या एका मध्यम प्रकल्पावर माझी बदली झाली तेव्हा तिथल्या कालवा निरीक्षकाने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "साहेब, कागदावर एकशेवीस आहे, पण साठच्या वर सोडू नका. सत्तर झालं की चौथ्या किलोमीटरला पाणी काठावरून जातं." त्यांनी मॅनिंगचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्यांचा साठचा आकडा गणिताशी जुळणारा होता, कारण तो कालव्यानेच त्यांना शिकवला होता. कालवा बंद असताना आम्ही लेव्हल लावून काटछेद घेतले. एकही मूळ नकाशाशी जुळला नाही. कुठे तळाला गुडघाभर गाळ, कुठे म्हशी उतरून बाजू इतकी सपाट झालेली की तिथे डबकंच तयार झालं होतं, कुठे धुण्यासाठी अस्तराचे तुकडे काढून रचलेले. आमच्या कालव्यांत गाळ धरणातून फारसा येत नाही, तो धरणातच बसतो. कालव्यातला गाळ हा कालव्याच्याच काठांचा असतो. खोदाईची माती काठावर तशीच टाकलेली, तिच्या पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून पहिल्या पावसात ती आतल्या बाजूने ओघळते. हादेखील काटछेदाचाच दोष आहे. काठाचा माथा बाहेरच्या बाजूला झुकता ठेवला असता आणि काठ व मातीचा ढीग यांच्यात एक पट्टी मोकळी सोडली असती, तर त्यातला बराच गाळ आलाच नसता.

त्याच कालव्याच्या टेलला एका चारीवर, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर गेलो तर चारी सापडेना. नकाशा धरून चालत गेल्यावर कळलं की आम्ही चारीतच उभे होतो. तिच्यात तूर होती. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, "दादा, चारीत पेरलंत?" ते शांतपणे म्हणाले, "पाणी येत असतं तर कशाला पेरली असती, साहेब?" खात्याच्या नोंदीत ती चारी तेव्हाही सुस्थितीत होती आणि तिच्याखालचं क्षेत्र भिजणाऱ्या क्षेत्रात धरलेलं होतं.

यावर नेहमीचा उपाय सांगितला जातो तो अस्तरीकरणाचा. मी अस्तरीकरणाच्या विरोधात नाही. पाझराच्या हिशेबात आम्ही कच्च्या कालव्याला दर दशलक्ष चौरस फूट ओल्या पृष्ठभागामागे ८ क्युसेक गळती धरत असू आणि अस्तर केलेल्याला २. चौपट फरक आहे. पण तो २ चा आकडा धड अस्तराचा आहे. काळ्या मातीवर थेट ओतलेलं काँक्रीट धड राहत नाही. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. इतर ठिकाणी हे वर्षातून एकदा घडतं, कालव्याखाली दर आवर्तनाला घडतं, कारण आपले कालवे बारमाही वाहत नाहीत. पाणी येतं, जातं, पुन्हा येतं. त्यात कालवा झटकन रिकामा केला तर मागच्या ओल्या मातीतलं पाणी स्लॅब आतून ढकलतं. पाणी काढून देणारी छिद्रं बुजलेली असली की स्लॅब उचलला जातो.

मातीच्या या फुगण्यावरचा तोडगा आपल्याच मुंबईत सापडला. आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर हा उपाय वापरला गेला आणि पुढे भारतीय मानकांतही आला. आपल्याकडचा योग्य मुरूम हे काम करू शकतो. फुगण्याचा दाब जास्त असेल तिथे हा थर मीटरभरापर्यंत लागतो. म्हणजे खोदाई वाढली, मुरमाची वाहतूक वाढली, अंदाजपत्रक फुगलं. मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत काटकसरीची कात्री पहिली याच थरावर चालायची, कारण काम झाल्यावर तो दिसत नाही. वरचं गुळगुळीत काँक्रीट दिसतं, त्याचं छायाचित्र निघतं. ज्या अस्तराखालचा मुरूम वाचवला ते अस्तर उखडतं आणि त्याच कालव्याच्या अस्तरासाठी पुन्हा निविदा निघते. याला किफायत म्हणायला मी तयार नाही.

अस्तरीकरणाला शेतकऱ्यांचाही विरोध होतो, नीरा डाव्या कालव्यावर तो झालाच. तो विरोध अडाणीपणाचा नाही. १८८० च्या दशकापासून वाहणाऱ्या त्या कालव्याच्या पाझरावर दोन्ही काठांच्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या भरत आल्या आहेत. पाझर थांबला तर विहीर आटेल ही भीती खरी आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाझराने विहीर भरते ती कालव्याजवळच्याची. टेलचा माणूस त्या पाण्यासाठी पट्टी भरायला तयार असतो आणि त्याला ते मिळत नाही. शिवाय नको तितका पाझर झाला की जमीन पाणथळ होते, मग चोपण. दख्खनच्या कालव्यांनी हे दुखणं शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. कालव्यांवरच्या सिंचनपद्धतीचे प्रश्न अभ्यासायला मुंबई इलाख्याने १९१६ साली एक खास विभाग काढला होता, त्याचंच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झालं. माझं मत असं की कुठे अस्तर करायचं हे किलोमीटरच्या हिशेबाने सरसकट ठरवू नये. भराव, मुरमाड पट्टे आणि पाणथळ झालेला भाग आधी घ्यावा. जिथे पाझराचं पाणी विहिरींतून खरंच वापरलं जातं तिथे ते पाणी त्या विहिरींच्या नावावर उघडपणे मोजावं आणि टेलच्या वाट्यातून गुपचूप वजा करू नये.

जुन्या अभियंत्यांकडून एक गोष्ट आपण घ्यायला हवी होती आणि ती आपण सोडून दिली. पंजाबात आर. जी. केनेडी यांनी १८९५ साली अप्पर बारी दोआब कालव्यावरचा आपला अभ्यास मांडला. वर्षानुवर्षं जिथे गाळ साचत नव्हता आणि तळही खरवडला जात नव्हता अशा जागा त्यांनी शोधल्या, तिथली खोली आणि वेग मोजले आणि त्यावरून नियम बसवला. १९३० च्या सुमारास जेराल्ड लेसी यांनी स्थिर झालेल्या कालव्यांच्या मोजमापांवरूनच आपला सिद्धांत उभा केला. दोघांचीही सूत्रं गाळाच्या मातीतल्या कालव्यांसाठी आहेत, आपल्या खडकाळ मुलखाला ती जशीच्या तशी लागू नाहीत. पण त्यांची रीत लागू आहे: आधी वाहणारा कालवा मोजा, मग नवा आखा. आपल्याकडे पन्नास-पन्नास वर्षं चाललेले कालवे आहेत. त्यांत कुठला तुकडा टिकला आणि कुठला बिघडला, तिथली माती कोणती, बाजू किती, याची मोजमापं उपविभागांच्या कपाटांत जीर्ण होत पडली आहेत आणि नवं संकल्पन पुन्हा कोऱ्या तक्त्यावरून सुरू होतं.

आता राज्याने वितरिकांसाठी बंदिस्त नलिकांचा मार्ग धरला आहे. भूसंपादन वाचतं, बाष्पीभवन थांबतं, वाटेतली चोरी अवघड होते. हे सगळे फायदे मला मान्य आहेत. पण मुख्य कालवे आणि मोठ्या शाखा उघड्याच राहणार आहेत, आणि नलिकेच्या तोंडाशी पुरेशी पातळी त्यांनीच राखायची आहे. मुख्य कालव्यात ७२ क्युसेक जात असेल तर नलिका कितीही चांगली टाका, तिच्या टेलला १२० चं पाणी येणार नाही. उघड्या चारीत निदान गाळ दिसतो. नलिकेत तो दिसत नाही, म्हणून तिथे मोजमाप जास्त लागेल.

माझी मागणी शासनाकडे आहे आणि ती खर्चाची फारशी नाही. कालव्याच्या नूतनीकरणाला तांत्रिक मंजुरी देण्याआधी आज जागेवर घेतलेले काटछेद आणि हेड, मध्य व टेलला मोजलेला विसर्ग फाइलला जोडणं सक्तीचं करा. प्रत्येक काटछेदाची वहनक्षमता दोनदा काढायला लावा, एकदा ०.०१८ ने आणि एकदा ०.०३० ने. दुसऱ्या हिशेबातही संकल्पित पाणी मोकळ्या काठाच्या आत राहिलं पाहिजे. राहत नसेल तर तळ रुंद करा, नाहीतर प्रामाणिकपणे विसर्ग कमी लिहा आणि त्याप्रमाणे लाभक्षेत्रही कमी करा. यंत्र उतरणार नाही इतका अरुंद तळ मंजूर करू नका. काठावरचा सेवापथ 'नंतर बघू' म्हणून वगळू नका, त्याच्याशिवाय देखभाल होत नाही. आणि अस्तराखालचा मुरूम कापायचा असेल तर कापणाऱ्याने कारण लिहून खाली सही करावी.

हे सगळं खात्यावर सोडून चालणार नाही. महाराष्ट्रात २००५ पासून शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी मोजून पाणी घ्यायचं आणि चाऱ्या आपल्याच राखायच्या, हे करून दाखवलं आहे. ज्यांच्या हाती पाण्याचा हिशेब असतो त्यांना गाळाचा अर्थ लगेच कळतो, कारण गाळ म्हणजे आपल्याच वाट्यातली कपात. इतर ठिकाणी अनेक संस्था कागदावर आहेत. त्यांच्या सभासदांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या कालव्याचं काम निघेल तेव्हा जुना आणि नवा काटछेद मागून घ्या. तळरुंदी, खोली आणि धरलेला गुणांक विचारा. हे तीन आकडे समजायला अभियंता असावं लागत नाही. पुढचं आवर्तन सुटण्याआधी आपल्या चारीच्या शेवटच्या विमोचकावर, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या तोंडावर मोजपट्टी बसवून घ्या आणि तिथला रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला सुरुवात करा.